कीड नाही, दुखत नाही. मग दाताचा एक्स-रे कशाला?

ब्रश करताना बेसिनमध्ये रक्त दिसते, पण दुखत काहीच नाही. मग आपण टूथपेस्ट बदलतो आणि विषय सोडून देतो. डेंटिस्टकडे गेल्यावर मात्र ते एक्स-रे काढायला सांगतात. कारण पायोरिया दाताला नव्हे, दात धरून ठेवणाऱ्या हाडाला खातो आणि ते हाड हिरडीखाली झाकलेले असते.

एक्स-रेमध्ये काय बघतात?

दाताचे एनॅमल जिथे संपते, त्याच्या साधारण १ ते २ मिलिमीटर खाली हाडाची कड असते. हे अंतर वाढले म्हणजे हाड झिजले. सर्वाधिक बिघडलेल्या दाताचे हाड मुळाच्या लांबीच्या किती टक्के गेले, ते मोजतात. २०१८च्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणानुसार १५ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर पहिला टप्पा, १५ ते ३३ टक्के दुसरा, त्यापुढे तिसरा किंवा चौथा.

याच टक्केवारीला वयाने भागले की आजाराचा वेग कळतो. तिशीत ४० टक्के हाड गेले असेल, तर उत्तर १.३३ येते. १ च्या वर म्हणजे वेग जास्त. सत्तरीत तेवढेच हाड गेले असेल, तर ०.५७, म्हणजे मध्यम. एक्स-रे तसाच, अर्थ मात्र वेगळा!

मग एक्स-रे पुरेसा आहे का?

नाही. एक्स-रे म्हणजे शेवटी सावली. गालाकडचे आणि जिभेकडचे हाड त्यात एकावर एक येते, त्यामुळे एका बाजूचा खड्डा लपू शकतो. शिवाय हाडातील ३० ते ५० टक्के खनिज कमी होईपर्यंत झीज नीट दिसतच नाही. दिसलेली झीज आजची की पाच वर्षांपूर्वीची, हेही एकट्या एक्स-रेवरून सांगता येत नाही.

म्हणून डॉक्टर खुणा असलेली बारीक सळई हिरडीच्या फटीत घालून प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी खोली मोजतात. ३ मिलिमीटरपर्यंत ठीक. ४ किंवा जास्त असेल आणि रक्त येत असेल, तर उपचार हवेत. सिगारेट ओढणाऱ्यांच्या हिरड्यांतून रक्त कमी येते, त्यामुळे त्यांची फसगत जास्त होते.

रेडिएशनचे काय?

एका छोट्या एक्स-रेमधून साधारण एखाद्या दिवसात निसर्गातून मिळते तेवढेच रेडिएशन मिळते. संपूर्ण जबड्याच्या ओपीजीत ते थोडे जास्त असते. गरोदर असाल तर आधी सांगा.

जुना एक्स-रे मात्र फेकू नका, मोबाइलमध्ये तरी ठेवा. हाडाची कड सरकली की तिथेच आहे, हे दोन एक्स-रे शेजारी ठेवल्यावरच समजते.