दसरा काढायचा कसा? नोकरी, शाळा आणि दिवाळीची साफसफाई

(भागाचा लिखित मजकूर. बोलताना झालेली पुनरुक्ती थोडी काढली आहे, बाकी बोललो तसंच.)

दोघंही नोकरीला, मुलांची सहामाही तोंडावर आणि दिवाळी आलेली, अशात घर साफ कधी करायचं? हा विषय बऱ्याच दिवसांपासून यादीत होता. आज तोच घेऊ.

सुरुवात एका शब्दापासून करतो. पश्चिम महाराष्ट्रातल्या गावांत या कामाला 'दसरा काढणं' म्हणतात. घट बसायच्या आधी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण, गोधड्या, वाकळा नदीवर किंवा ओढ्यावर नेऊन धुवायच्या. माळ्यावरची भांडी खाली काढायची, घासायची. भिंती, जमीन, चूल, सगळं करायचं. एकदा हे झालं की दिवाळीच्या आधी वरवरचा हात फिरवायचा आणि फराळाला लागायचं. म्हणजे बघा, जड काम घटस्थापनेला, हलकं काम दिवाळीला. मध्ये जवळजवळ महिनाभराचं अंतर. आपण शहरात आलो आणि ही दोन्ही कामं दिवाळीच्या आठवड्यात कोंबली. वर फराळ, खरेदी, ऑफिसची घाई आणि मुलांचा इतिहासाचा पेपर.

आता साधा हिशेब. दसरा ते लक्ष्मीपूजन, दशमी ते अमावास्या, तिथींनी वीस दिवस. त्यात रविवार येतात दोन, फार तर तीन. त्यातला शेवटचा खरेदीत आणि फराळात जाणार हे ठरलेलं. उरलेल्या एक-दोन रविवारांत दोन बेडरूमचं घर, त्याचे माळे, स्वयंपाकघर आणि बाल्कनी होत नाही. तुम्ही कितीही उरकाचे असा, होत नाही.

पण मला वाटतं वेळ ही अडचण दुसऱ्या नंबरची आहे. पहिली अडचण अशी की आवरणं आणि साफ करणं ही दोन वेगळी कामं आपण एकत्र करायला जातो. मी एकदा घड्याळ लावून आमचा हॉलवरचा माळा काढला. एकूण पावणेतीन तास. त्यात झाडायला-पुसायला लागली पंचवीस मिनिटं. बाकीचा वेळ कशात गेला? हा मिक्सर दुरुस्त होईल का, ही पाळण्याची चादर कुणाला द्यायची, मोठीचं पहिलीचं दप्तर टाकायचं की ठेवायचं. हात नाही, डोकं दमतं. आणि हे निर्णय घ्यायला पाणी लागत नाही, ऊन लागत नाही, सुट्टी लागत नाही, मदतीला कुणी लागत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं की निर्णयांचं काम आधी आणि वेगळं करा. पितृपक्षात सुरू करा. पुष्कळ घरांत त्या पंधरवड्यात मोठी खरेदी होत नाही, समारंभ नसतात, त्यामुळे संध्याकाळी जरा सवड मिळते. मुलं टेबलावर अभ्यासाला बसली की एक खण उपसून त्याच टेबलावर आणायचा. वीस मिनिटं. एका दिवशी एकच खण. सगळं कपाट उपसून पलंगावर ओतायचं, हे रिकामा वेळ असणाऱ्यांचं काम आहे. रात्री साडेदहाला पलंगावर कपड्यांचा डोंगर आणि मुलं पेंगलेली, ही वेळ आणू नका.

आणि वस्तू हातात घेतल्यावर 'हे पुढे कधी लागेल का?' असं विचारू नका. त्याचं उत्तर नेहमी 'लागेल' असंच येतं. त्याऐवजी विचारा, 'हे कुणाकडे जाणार आणि कधी?' पुण्यात या प्रश्नाला बऱ्यापैकी चांगली उत्तरं आहेत, म्हणून इथे जरा थांबतो.

रद्दी आणि पत्रा-लोखंड आपल्या कोपऱ्यावरच्या रद्दीवाल्याकडे, भंगारवाल्याकडे. ते सगळ्यांना माहीत आहे. चालू अवस्थेतल्या वस्तू, चांगले कपडे, मुलांची लहान झालेली सायकल, ओळखीत विचारून द्या. फक्त फाटके, मळके कपडे 'दान' म्हणून देऊ नका. त्यांची फडकी करा, साफसफाईला तीच लागणार आहेत. बाकी कचऱ्याचं बघायचं तर पुण्यात बऱ्याच भागांत दारावर येणाऱ्या ताई-दादा 'स्वच्छ' या सहकारी संस्थेचे असतात. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना 1993 ची. तिच्यातूनच 'स्वच्छ' उभी राहिली आणि 2008 मध्ये महापालिकेशी करार करून दारोदारचं काम करू लागली. जुनी इलेक्ट्रॉनिक उपकरणं, कपडे, गाद्या-उशा असं अवजड सामान गोळा करायला त्यांचा 'व्ही-कलेक्ट' नावाचा उपक्रम आहे. तुमच्या भागात तो कधी असतो ते ताईंनाच विचारा.

यातली गोम अशी की दिवाळीच्या आठवड्यात अख्खं शहर एकदम माळे रिकामे करतं. एरवी दोन बादल्या देणारं घर त्या दिवसांत सहा पोती देतं. ती पोती उचलणारे हात मात्र तेवढेच असतात. तुम्ही पितृपक्षात दोन पिशव्या, नवरात्रात दोन पिशव्या असं दिलंत, तर तुमचंही काम होतं आणि त्यांची पाठही वाचते. फुटकी काच, ब्लेड, गंजलेले खिळे हे वर्तमानपत्रात जाड गुंडाळून, वर ठळक खूण करून, हातात वेगळं द्या. सॅनिटरी पॅड आणि डायपरला लाल ठिपका करतात, तीच पद्धत. काळ्या पिशवीत काच टाकून गाठ मारली की ती गाठ कुणीतरी उघड्या हातानं सोडणार असतं. मुदत संपलेली औषधं, जुने सेल, ट्यूबलाइट, रंगाचे डबे, झुरळांच्या औषधाच्या बाटल्या हा घरातला घातक कचरा. तो ओल्यात नाही आणि सुक्यातही नाही. वेगळा बांधा आणि सांगून द्या.

धुण्या-पुसण्याबद्दल फार बोलत नाही, ते तुम्हाला येतं. वरून खाली, आणि झाडण्याआधी ओलं फडकं, एवढंच. घरात दम्याचं मूल असेल तर कपाटामागची पावसाळ्यातली बुरशी काढताना त्याला शेजारी पाठवा. गोधड्यांच्या बाबतीत मात्र गावाचा क्रम शहरात थोडा बदलावा लागतो. घट बसतात तेव्हा पुण्यात पुष्कळदा पाऊस रेंगाळलेला असतो आणि फ्लॅटच्या बाल्कनीत जाड गोधडी दोन दिवसांत वाळत नाही, कुबट होते. दसऱ्यानंतरची ऑक्टोबर हीट त्यासाठी उत्तम. फक्त गुरुवार टाळा. देखभालीसाठी पाणी बंद ठेवायचा महापालिकेचा तो नेहमीचा वार, आणि मग शुक्रवारी सकाळी पाणी उशिरा आणि कमी दाबानं.

आता एक गोष्ट गंभीरपणे. बाथरूमला 'जोर' यावा म्हणून संडास साफ करायचं ॲसिड आणि ब्लीच एकत्र टाकतात. टाकू नका. संडासाच्या बऱ्याच क्लीनरमध्ये हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं, ब्लीचमध्ये सोडियम हायपोक्लोराइट. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. आपली बाथरूम केवढी, खिडकी केवढी! डोळे चुरचुरले, खोकला आला, की सगळं तसंच टाकून बाहेर या आणि दार-खिडक्या उघडा. श्वासाला त्रास होत राहिला तर डॉक्टर गाठा. एका दिवशी एकच औषध वापरायचं, आणि ते पाण्याच्या जुन्या बाटलीत कधीही काढून ठेवायचं नाही. लहान मूल बाटली ओळखतं, आतलं काय ते नाही. दुसरं, गोधड्यांत डांबरगोळ्या घातल्या असतील तर तान्ह्या बाळाला ती गोधडी थेट देऊ नका. जी6पीडी नावाच्या एन्झाइमची कमतरता असलेल्या बाळांमध्ये नॅप्थलीनमुळे तांबड्या रक्तपेशी फुटतात, आणि ही कमतरता बाळाला आहे की नाही हे पुष्कळदा घरच्यांना ठाऊकच नसतं.

मग करणार कोण? पुष्कळ घरांत 'मी मदत करतो' असं म्हणणारा एक माणूस असतो. (बहुतेक वेळा तो बाबाच. मीही बाबाच आहे, म्हणून बोलतो.) मदत म्हणजे यादी दुसऱ्याच्या डोक्यात आणि आपण सांगकामे. त्यापेक्षा खोली वाटून घ्या. स्वयंपाकघर माझं, म्हणजे डबे कुठले टाकायचे, पेस्ट कंट्रोलवाल्याला फोन कधी करायचा, चिमणीची जाळी कधी भिजत घालायची, सगळं माझं. बायकोनं मला आठवण करायची नाही आणि मी तिला 'आता काय करू?' विचारायचं नाही. पहिल्या वर्षी डबे तिच्या मनासारखे लागणार नाहीत. चालतं.

मुलांना 'तुमची खोली आवरा' म्हटलं तर काही होत नाही. त्यांना तपासणीचं काम द्या. घरातली सगळी पेनं गोळा करून उठतात की नाही ते बघायचं. रिमोट आणि खेळण्यांतले सेल तपासायचे. डबे आणि त्यांची झाकणं यांच्या जोड्या लावायच्या, बिनझाकणाचा डबा बाजूला. पाच वर्षांच्या मुलालाही जमतं, आणि तेवढा अर्धा तास घर शांत असतं. त्यांची खेळणी मात्र त्यांना विचारल्याशिवाय काढू नका. तुटकी गाडी तुम्हाला तुटकी दिसते.

आणि कामाला येणाऱ्या ताई. दिवाळीची साफसफाई हे त्यांच्या रोजच्या कामाचा भाग नाही, वेगळं काम आहे. पंखे, माळे, खिडक्या यांचे पैसे आधी बोलून ठरवा आणि वेगळे द्या. बोनस वेगळा, तो या कामाचा मोबदला नाही. हे भान शहराला आपोआप आलेलं नाही. 1980 मध्ये पुण्यातल्या मोलकरणींनी संप केला, त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली, आणि राज्यात घरकामगार कल्याण मंडळाचा कायदा व्हायला 2008 साल उजाडलं. शिवाय त्यांच्याही घरी दिवाळी असते. वसुबारसेनंतर जादा काम सांगूच नका. पंख्याखालच्या स्टुलावर चढायला त्यांना एकटीला लावू नका, खाली धरायला कुणीतरी हवं.

लक्ष्मीपूजनाच्या आधी मंडईच्या आसपास आणि चौकाचौकांत शिंदीच्या पानांच्या केरसुण्या घेऊन बायका बसतात. पूजेला नवी केरसुणी ठेवायची पद्धत आहे, ती लक्ष्मी मानतात. आमच्या घरी ती आणायचं काम धाकट्याकडे आहे. गेल्या वर्षी त्यानं दोन आणल्या, एक पूजेची आणि एक त्याच्या खोलीची. दुसरी अजून कोरी आहे.

तुमच्या घरी दसरा कधी काढतात ते नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात.