मूळ भांडार आणि त्याचे आरसे

छापखाने नव्हते त्या काळी ग्रंथ टिकत ते नकलांवर. पण नकलकाराची नजर चुकली की ओवी गळे, शब्द पालटे. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत असे अपपाठ शिरले होते. म्हणून एकनाथ महाराजांनी शके १५०६ मध्ये त्या ग्रंथाची शुद्ध प्रत सिद्ध केली. प्रती वाढल्या म्हणजे ग्रंथ वाचतो, परंतु प्रत्येक प्रत मुळाशी इमानी राहावी यासाठी निराळी व्यवस्था लागते. संगणकाच्या जगात हाच प्रश्न रोज उभा राहतो. तो कसा सोडवितात, ते पाहू.

'डेबियन' ही संगणकप्रणाली इयान मरडॉक यांनी १९९३ साली सुरू केली. तिच्यातील हजारो आज्ञावली 'पॅकेज' नावाच्या गाठोड्यांत बांधून एका मूळ भांडारात ठेवलेल्या असतात. जगातील सारे संगणक त्या एकाच दाराशी गेले, तर तेथे रीघ लागेल. म्हणून विद्यापीठे व इतर संस्था या भांडाराच्या हुबेहूब प्रती आपल्याकडे ठेवतात. त्यांना 'मिरर', म्हणजे आरसे, म्हणतात.

मूळ भांडार दिवसातून सामान्यतः चार वेळा नवे होते. तेवढ्या वेळा सर्व माल पुन्हा वाहून नेणे परवडणारे नाही. त्यासाठी अँड्र्यू ट्रिजेल व पॉल मॅकेरस यांनी १९९६ मध्ये तयार केलेले 'आरसिंक' हे साधन उपयोगी पडते. ते दोन्हीकडच्या फायली ताडून केवळ बदललेला भाग पाठविते.

परंतु नक्कल करण्याचा क्रमही महत्त्वाचा आहे. भांडारात पॅकेजे असतात, तशी त्यांची यादीही असते. नवी यादी आधी आली आणि पॅकेजे मागाहून आली, तर मधल्या वेळी संगणक अद्याप न पोहोचलेली वस्तू मागेल. जुनी पॅकेजे आधीच काढून टाकली, तर जुनी यादी घेऊन आलेला रिकाम्या हाती परतेल. म्हणून नियम असा, की प्रथम नवी पॅकेजे आणावी, मग यादी बदलावी आणि जुना माल सर्वांत शेवटी काढावा.

आरशाच्या मालकाने मालात फेरफार केला तर? त्यावरही उपाय आहे. प्रत्येक पॅकेजाचा गणिताने काढलेला ६४ अक्षरांचा ठसा यादीत असतो. पॅकेजात एक अक्षर जरी बदलले, तरी ठसा पार निराळा होतो. त्या यादीचा ठसा एका मुख्य पत्रकात असतो, आणि त्या पत्रकावर डेबियनची डिजिटल स्वाक्षरी असते. ती पारखण्याची किल्ली आपल्या संगणकात आधीपासूनच असते. त्यामुळे विश्वास आरशावर नव्हे, तर स्वाक्षरीवर ठेवावयाचा असतो.

तथापि एक फट उरते. जुन्या मालावरील स्वाक्षरीही खरीच असते! २००८ मध्ये अ‍ॅरिझोना विद्यापीठातील संशोधकांनी बनावट ओळखीने एक आरसा उभा केला, आणि तो अनेक प्रसिद्ध प्रणालींच्या अधिकृत यादीत दाखल झाला. असा आरसा मुद्दाम जुनाच माल देत राहिला, तर दुरुस्त झालेले दोषही आपल्या संगणकात तसेच राहतील आणि घुसखोराला वाट मोकळी मिळेल, हे त्यांनी दाखवून दिले. म्हणून डेबियनच्या सुरक्षाविषयक दुरुस्त्यांच्या मुख्य पत्रकावर मुदतीची तारीखही घातलेली असते. ती उलटली की संगणक ते पत्रक नाकारतो. शिवाय शेवटची नक्कल केव्हा झाली, याची नोंद प्रत्येक आरशाने ठेवावयाची असते. तीवरून मागे पडलेला आरसा ओळखता येतो.

विद्यार्थिमित्रांनो, एखाद्या रुग्णालयातील संगणकाचा दोष मूळ भांडारात दुरुस्त झाला, एवढ्याने तो संगणक सुरक्षित होत नाही. ती दुरुस्ती आरशातून त्याच्यापर्यंत पोहोचावी लागते. म्हणून 'ठसा जुळत नाही' किंवा 'मुदत संपली' असे सांगून संगणक थांबला, तर कंटाळून ती तपासणी बंद करू नये. थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करावा, अथवा दुसरा आरसा निवडावा. संगणक थांबला, याचा अर्थ पहारेकरी जागा आहे.