सारंगीची तात

तंतू, तंत्री, तंतुवाद्य हे शब्द आपल्या सभांच्या निवेदनात हमखास येतात. त्यांच्याच कुळातली साधी 'तात' मात्र बोलण्यातून गेली. आमच्या इंदुरात मी ती दोन ठिकाणी ऐकली. एक, थंडीच्या तोंडावर गाद्या पिंजायला येणाऱ्या पिंजाऱ्याच्या धनुकलीवर आणि दुसरी, सारंगीवर.

पुष्कळांना तात म्हणजे जनावराच्या स्नायूची दोरी वाटते. स्नायू हाडाला जोडणारा चिवट पांढरा पट्टा वेगळा. जुने कमानगर तो वाळवून, कुटून, त्याचे धागे सोडवून सरसाने धनुष्याच्या पाठीवर बसवत. सारंगीची तात होते बकऱ्याच्या आतड्याची. एका वयस्क कारागिराकडे बसून मी ती रीत समजून घेतली.

या कामात खरी घाई पहिल्या काही तासांची. जनावर कापले की आतडे लगेच हाती यावे लागते, कारण ते सर्वात आधी नासते. आतला मळ पिळून काढायचा, पाण्यामागून पाणी बदलत धुवायचे, बाहेरची चरबी सोडवायची. मग सोड्याच्या किंवा राखेच्या निवळीत ठेवून, फळीवर पसरून, बोथट कडेने खरवडायचे. आतड्याला अनेक थर असतात. कामाचा त्यातला एकच, चिवट आणि जवळजवळ पारदर्शक. तो सांभाळून बाकीचे सगळे काढायचे. हात जरा जड पडला तर थर फाटतो, हलका पडला तर आत राहिलेली चरबी पुढे कुजते. वास काय असतो ते लिहीत नाही. मी पदर नाकाला लावून बसले होते आणि कारागीर मजेत बोलत होते.

मग ओले धागे एकत्र घेऊन पीळ द्यायचा. तात किती जाड हवी त्यावर धाग्यांची संख्या ठरते. पीळ दिलेली तात ताणूनच सावलीत वाळवायची. उन्हात घाईने वाळवली तर ती कडक होऊन तडकते. शेवटी घासून गुळगुळीत करायची. डॉक्टर ज्याला कॅटगट म्हणतात तो टाक्यांचा धागाही मुळात असाच, मेंढीच्या किंवा गुराच्या आतड्याचा. मांजराचा त्यात काही संबंध नाही.

सारंगीला मुख्य तारा तीन, त्या तातेच्या. खाली झंकारणाऱ्या तरफा धातूच्या, तिसाहून अधिक. वादक तात बोटाच्या टोकाने दाबत नाही. नखाच्या मुळाशी, कडेने तिला टेकवून सरकवतो. म्हणून गळ्यासारखी मींड निघते. म्हणूनच बोटांच्या नखांशी घट्टे पडतात आणि तातही झिजते. नायलॉन टिकतो, स्वस्तही पडतो. पण माझ्या कानाला त्यात तो थोडा खरखरीत, माणसाचा आवाज लागत नाही.

गंमत अशी की या वाद्याच्या घरातून मोठे गवई निघाले. इंदुरात वाढलेले उस्ताद अमीर खाँ यांचे वडील शाहमीर खाँ सारंगिये होते. मिरजेचे अब्दुल करीम खाँ यांचे घराणेही सारंगियांचे. तरी सारंगिया साथीला मागे बसला, कोठ्याच्या नावाने हिणवला गेला, आणि पुढे ती जागाही पेटीने घेतली. तात करणारा तर त्याच्याही मागे. वाजणाऱ्या तातेला आपण हात जोडतो. ती खरवडणाऱ्या हाताला आपल्या किती घरांत पेल्यातून पाणी मिळाले असते? माझ्या आजीच्या घरात मिळाले नसते, हे मला ठाऊक आहे.

कारागिरांना मी हे विचारले नाही. त्यांची तक्रार निराळीच होती. खाटीक आता आतडे वेगळे काढून ठेवायला तयार नसतात, तो वेळ त्यांना परवडत नाही. ताजा माल आला नाही की महिनाभर तातच होत नाही.

घरात कुणी सारंगी शिकत असेल तर तात घेताना उजेडापुढे धरून पाहा. सगळीकडे सारखी जाड, गाठ नाही, पांढरे ठिपके नाहीत, अशी घ्या. पावसाळ्यात ती दमट होऊन सुरावरून हलते, म्हणून वाजवण्याआधी सुक्या कापडाने पुसायची. जास्तीची तात सैल गुंडाळून कोरड्या डब्यात ठेवा. घडी घालू नका. जिथे मोडते तिथेच पुढे तुटते.