अतिपावसाच्या भागात दोन खड्ड्यांचे शौचालय : जागा पावसाळ्यात ठरवा

कोयनानगर परिसरात वर्षाला साधारण ५,००० मि.मी. पाऊस पडतो. घर, गोठा आणि शौचालय बहुधा एकाच उतारावर असते आणि खालच्या अंगाला पिण्याच्या पाण्याचा झरा किंवा विहीर. मे महिन्यात खणलेला कोरडा खड्डा जुलैत तळातून पाण्याने भरतो. जांभ्याच्या भेगांमधून हे पाणी न गाळता पुढे जाते आणि मैल्यातील रोगजंतू झऱ्यापर्यंत पोहोचतात.

जागेची निवड
• ऑगस्टमध्ये जवळच्या विहिरीची पातळी पाहावी. खड्ड्याचा तळ या पातळीपेक्षा किमान २ मीटर वर असावा.
• विहीर किंवा झऱ्यापासून किमान १० मीटर अंतर ठेवावे. जांभा किंवा भेगाळ कातळ असल्यास ते वाढवावे. खड्डा झऱ्याच्या वरच्या अंगाला घेऊ नये.
• पाणी वर येत असल्यास खड्डा उथळ घ्यावा, कडा जमिनीच्या वर उचलून भोवती मातीचा भराव दाबून घालावा.

बांधणी
• पाच जणांच्या कुटुंबासाठी १ मीटर व्यासाचे, साधारण तेवढेच खोल दोन खड्डे पुरतात. दोन्हींत १ मीटर अंतर ठेवावे.
• आतील वीटकाम जाळीचे करावे. वायू जमिनीत मुरतो, त्यामुळे वायुनळीची गरज नसते.
• छपराची पागोळी खड्ड्यावर पडू देऊ नये. वरच्या अंगाला चर काढावा. मोरीचे पाणी परसबागेकडे वळवावे.

वापर आणि सोनखत
एका वेळी एकच खड्डा वापरावा. तो भरला की चेंबरमधील तोंड बदलून बंद खड्ड्याच्या झाकणावर तारीख रंगाने लिहावी. एरवी वर्षभरात खत होते. पण ओल्या खड्ड्यात जंतांची अंडी जास्त काळ तग धरतात. म्हणून येथे दोन वर्षे थांबावे आणि एप्रिल-मे महिन्यात खड्डा उपसावा. खत कोरडे, भुसभुशीत आणि वास नसलेले असावे. आंबा, फणस, नारळाच्या आळ्यात मातीखाली द्यावे. कच्च्या खाण्याच्या भाजीला देऊ नये. मैल्याचे खत करण्याचा प्रयोग अप्पासाहेब पटवर्धन यांनी कणकवलीच्या गोपुरीत पूर्वीच केला होता.

खड्डा आधीच खणला असेल, तर पहिल्या मोठ्या पावसात झाकण उघडून पाहा. आत पाणी चढत असेल तर तोपर्यंत झऱ्याचे पाणी उकळूनच प्यावे आणि उघडीप मिळताच खड्डा उचलून घ्यावा.