जुन्या डॅटसनचा जीर्णोद्धार

गावातले जुने देऊळ मोडकळीला आले की गावकरी त्याचा जीर्णोद्धार करतात. त्या वेळी एक प्रश्न हटकून निघतो. देऊळ होते तसेच उभारायचे, की जोडीला नवा सभामंडपही घालायचा? मंडप घालायचा तर जुना पाया तो पेलेल का, हे आधी पाहावे लागते. जुन्या जपानी मोटारींचा नाद असलेली मंडळी नेमका हाच प्रश्न सोडवीत असतात. त्याचे उत्तर तुमच्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकात कसे दडलेले आहे, ते आज पाहू.

उदाहरणादाखल डॅटसन २४० झेड ही गाडी घेऊ. निसान कंपनीने ती १९६९ च्या अखेरीस बाजारात आणली. दोन माणसांची, लांब नाकाची आणि सुमारे १,०५० किलोग्रॅम वजनाची ही गाडी अमेरिकेत फार लोकप्रिय झाली. नावातील २४० हा आकडा एंजिनाच्या २.४ लिटर आकारमानाचा निदर्शक आहे. जपानमध्ये ती ‘फेअरलेडी झेड’ या नावाने आणि मुख्यतः दोन लिटरच्या एंजिनासह विकली जाई. कारण दोन लिटरच्या पुढे गेले की तेथे कराचा बोजा बराच वाढत असे. दोन्ही देशांत या गाड्यांच्या मालकांची मंडळे आहेत. एकाला वेल्डिंग चांगले जमते, दुसऱ्याचा हात कार्ब्युरेटरवर बसलेला असतो, तिसऱ्याच्या अडगळीत नेमका हवा तो सुटा भाग निघतो. एकट्याने न होणारे काम असे चौघांत तडीस जाते.

पत्र्याचा आजार

या गाडीचा पहिला शत्रू गंज. ट्रकला असते तशी वेगळी चौकट हिला नाही. वाकवलेले पत्रे जोडून पेटीसारखा सांगाडा केला आहे आणि सारा भार त्याच्यावरच असतो. लोखंड, पाणी आणि ऑक्सिजन एकत्र आले की गंज चढतो. थंड प्रदेशात हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ वितळवण्यासाठी मीठ टाकतात. खारे पाणी विजेचे चांगले वाहक असल्यामुळे गंजण्याची विद्युत-रासायनिक क्रिया झपाट्याने होते. पत्र्यांच्या सांध्यांत पाणी साचून राहते. बॅटरीखालच्या पत्र्यावर आम्लही पडते. म्हणून तेथे आणि पायाखालच्या पत्र्यात गंज आधी सापडतो.

आता एक हिशोब करा. सपाट पत्र्याचा वाकण्याला होणारा विरोध त्याच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणात असतो. समजा, एक मिलिमीटरचा पत्रा गंजून अर्धा मिलिमीटर उरला. जाडी निम्मी झाली, पण वाकण्याला होणारा विरोध एक-अष्टमांश झाला! वरून रंग चकाकत असला तरी अशी गाडी आतून खिळखिळी असते. जाणकार मंडळी म्हणूनच रंगाचा विचार सर्वांत शेवटी करतात. आधी गंजका भाग कापून टाकून तेथे नवा पत्रा जोडतात.

एंजिन मोठे करताना

सांगाडा धड झाला की कित्येकांना जास्त शक्तीचा मोह होतो. या एंजिनात सहा सिलिंडर आहेत. प्रत्येकाचा व्यास ८३ मिलिमीटर आणि दट्ट्याची, म्हणजे पिस्टनची, धाव ७३.७ मिलिमीटर आहे. वृत्तचितीच्या घनफळाचे सूत्र वापरून पाहा. एका सिलिंडरचे घनफळ सुमारे ३९९ घन सेंटिमीटर येते आणि सहांचे सुमारे २,३९३. हेच ते २.४ लिटर!

याच घराण्यातले २.८ लिटरचे एंजिन निसानने पुढे १९७५ च्या २८० झेड गाडीत बसवले. हौशी मंडळी ते एंजिन घेतात, त्याचे सिलिंडर कातून व्यास ८६ वरून ८९ मिलिमीटर करतात आणि निसानच्याच एका डिझेल एंजिनाचा क्रँकशाफ्ट त्यात घालतात. त्यामुळे धाव ८३ मिलिमीटर होते. आता प्रत्येक सिलिंडरचे घनफळ सुमारे ५१६ घन सेंटिमीटर झाले, म्हणजे एकूण ३.१ लिटर.

पण एवढ्यावर भागत नाही. दट्ट्या अगदी वर असताना त्याच्या डोक्यावर ५० घन सेंटिमीटर जागा उरते असे समजा. मूळ एंजिनात ३९९ अधिक ५० एवढा वायू दाबून ५० मध्ये बसवला जाई, म्हणजे संपीडन सुमारे नऊपट. वरची जागा तेवढीच ठेवून धाव आणि व्यास वाढवला, तर संपीडन अकरापटीच्याही वर जाईल. वायू दाबला की तापतो, हे सायकलच्या पंपाने तुम्ही अनुभवले आहेच. जास्त तापलेले मिश्रण भलत्या वेळी भडकून दट्ट्यावर हातोड्यासारखे घाव बसतात. म्हणून वरची जागा वाढवावी लागते; त्यासाठी माथ्याला खोलगट असलेले दट्ट्ये निवडतात.

शिवाय दट्ट्या दर फेऱ्यात दोनदा थांबतो आणि उलटा फिरतो. त्याची हालचाल सरल आवर्त गती मानली, तर मिनिटाला ६,००० फेऱ्यांच्या वेळी मूळ एंजिनात त्याचे महत्तम त्वरण गुरुत्वत्वरणाच्या सुमारे दीड हजार पट भरते. धाव ८३ मिलिमीटर केल्यावर ते आणखी तेरा टक्क्यांनी वाढते. फेरे ७,००० केले तर आणखी ३६ टक्के, कारण येथे फेऱ्यांचा वर्ग येतो. हा सारा ताण दट्ट्याच्या दांड्यावर आणि त्याच्या बोल्टांवर पडतो.

वेग वाढला, थांबायचे कसे?

गतिज ऊर्जेचे सूत्र आठवा. १,०५० किलोग्रॅमची गाडी ताशी १०० किलोमीटर वेगाने जात असेल, तर तिची ऊर्जा सुमारे चार लाख ज्यूल असते. १४० च्या वेगाला ती जवळजवळ आठ लाख ज्यूल होते. ब्रेक दाबला की यातील बहुतेक ऊर्जेची ब्रेकमध्ये उष्णता होते. समजा, ही सारी उष्णता दहा किलोग्रॅम लोखंडाने घेतली. पहिल्या वेळी लोखंडाचे तापमान सुमारे ९० अंशांनी चढेल, दुसऱ्या वेळी १७० अंशांच्या वर. घाटात लागोपाठ ब्रेक दाबावे लागले तर ही वाढ साचत जाते. शेवटी ब्रेकचे तेल उकळते, त्यात बुडबुडे होतात आणि पायाखालची पट्टी नुसतीच आत जाते. म्हणून २४० झेडच्या पुढील चाकांना हौशी लोक टोयोटाच्या पिकअप गाडीचे चार दट्ट्यांचे ब्रेक आणि मधून हवा खेळणाऱ्या जाड तबकड्या बसवतात.

येथेही पास्कलचा नियम पाठ सोडत नाही. चाकाजवळच्या दट्ट्यांचे क्षेत्रफळ वाढले की त्यांना तेल जास्त लागते. मग पट्टीजवळचा मुख्य सिलिंडरही मोठा घ्यावा लागतो, नाहीतर पाय फार खोल जातो. आणि हे सारे करूनही रस्त्याची पकड टायरच्या घर्षणाएवढीच असते. टायर झिजलेले असतील तर उत्तम ब्रेक चाक नुसते अडकवतील आणि गाडी घसरत जाईल.

गाडीचा प्रत्येक भाग दुसऱ्या भागाच्या मापाने घडवलेला असतो. एक माप बदलले की इतरांची बाकी चुकती करावीच लागते. कोठे वर्गाने, तर कोठे घनाने. या गाडीत बसणारा आणि रस्त्यावर समोरून येणारा, दोघांचा जीव या हिशोबावर अवलंबून आहे. जपानमध्ये म्हणूनच खाजगी मोटारींची ‘शाकेन’ नावाची सक्तीची तपासणी असते. आपल्याकडेही मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने मनमानी फेरफारांना बंदी आहे. चांगला हौशी माणूस कापण्यापूर्वी मोजतो, काढलेला मूळ भाग जपून ठेवतो आणि केलेला प्रत्येक बदल वहीत टिपून मित्रांना दाखवतो. चार डोळे जास्त असले की राहून गेलेला एखादा बोल्टही सापडतो.

करून पाहा : पोस्टकार्डासारख्या जाड कागदाची एक पट्टी दोन पुस्तकांवर पुलासारखी ठेवा. मधोमध एक नाणे ठेवून ती किती वाकते ते पट्टीने मोजा. आता तशाच दोन पट्ट्या सर्व पृष्ठभागावर डिंक लावून एकमेकींना चिकटवा, पूर्ण वाळू द्या आणि पुन्हा मोजा. जाडी दुप्पट झाली. वाकणे निम्म्यावर आले, की त्याहून बरेच कमी झाले? वर्गात सरांना आपले आकडे दाखवा.