कॉलेजच्या फूड ट्रकवर खाताना

वस्तीतली मुलं सकाळी साडेसहाला कॉलेजला निघतात. घरात तेव्हा पाणी भरायची घाई असते. चपाती-भाजी होण्याआधीच मुलगी चहा-बिस्किटावर बाहेर पडते आणि अकराच्या सुट्टीत तिची पावलं आवारातल्या फूड ट्रककडे वळतात. आई म्हणते, "बाहेरचं घाण खाऊ नकोस." मुलगी ऐकून घेते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच उभी राहते.

परवा भाचीबरोबर मी अशाच एका ट्रकवर गेले. पाटीवर नावं होती: शेजवान डोसा, चायनीज भेळ, तंदुरी मोमो, पनीर चिली फ्रँकी. चार मैत्रिणींनी मिळून दोन प्लेट घेतल्या आणि सगळ्यांचे चमचे एकाच प्लेटमध्ये पडले. कोणी कोणाचं आडनाव विचारलं नाही.

ही गोष्ट लहान नाही. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्याचं पाणी पिण्यासाठी बाबासाहेबांना सत्याग्रह करावा लागला. आपल्या माणसांसाठी हॉटेलात कप वेगळे ठेवलेले असत. दुकान, उपाहारगृह, हॉटेल इथे जातीवरून कोणालाही अडवता येणार नाही, हे संविधानाच्या १५व्या कलमात लिहावं लागलं ते त्यामुळेच. म्हणून मैत्रिणींबरोबर एका प्लेटमध्ये खाणाऱ्या मुलीला मी नको म्हणणार नाही. मात्र काय खावं आणि काय टाळावं, हे तिला कळायला हवं.

काय निवडावं? डोसा तापलेल्या तव्यावर आपल्यासमोर होतो, मोमो वाफेवर शिजतात. असे पदार्थ गरमागरम हातात आले तर धोका कमी. धोका असतो सोबतच्या थंड गोष्टींत. सकाळपासून उघडी राहिलेली ओल्या नारळाची चटणी नको. मेयोनीज कच्च्या अंड्याचं असू शकतं. अशा मेयोनीजवर तेलंगणा सरकारने ऑक्टोबर २०२४मध्ये एक वर्षाची बंदी घातली होती. ट्रकवर मेयोनीजचा डबा उन्हात दिसला, तर "त्याशिवाय द्या" म्हणावं.

चायनीज भेळेत कच्चा कोबी असतो. तो कधी चिरला, कोणत्या पाण्याने धुतला, हे आपल्याला दिसत नाही. मंच्युरियन लालभडक असेल तर तो रंग मिरचीचाच असेल असं नाही. कर्नाटकात मार्च २०२४मध्ये गोबी मंच्युरियनमध्ये कृत्रिम रंग घालायला मनाई झाली. फ्राइड राइसचा भात तासन् तास उघडा राहिला असेल, तर त्यात तयार झालेलं जंतूंचं विष पुन्हा परतल्यानेही जात नाही. कढईतलं तेल काळपट झालं असेल, धुरकट वास येत असेल, तर तळलेलं घेऊ नये.

पाणी आणि मीठ. कावीळ आणि टायफॉइड दूषित पाण्यातून पसरतात. बाटली घरून न्यावी, बर्फाचं सरबत टाळावं. दिवसभरात सगळं मिळून एक छोटा चमचा, म्हणजे ५ ग्रॅम मीठ पुरे असतं. सोया सॉस आणि शेजवान चटणीत ते भरपूर असतं. घरात रक्तदाबाचा त्रास असेल तर वरून सॉस मागू नये.

घरून काय द्यावं? फ्रँकी, मोमो, नूडल्स हा बहुतेक मैदा. पोट भरतं, पण लोह मिळत नाही. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्त कमी आढळलं. रात्री भिजवलेले हरभरे लिंबू पिळून, शेंगदाणे-गूळ, नाहीतर उकडलेलं अंडं, एवढं डब्यात दिलं तरी मुलगी उपाशीपोटी ट्रकवर जाणार नाही. जेवणाला लागून चहा घेऊ नये. त्याने लोह अंगी कमी लागतं.

जुलाब-उलट्या झाल्या तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा छोटे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ घालून घोट-घोट पाजत राहावं. शौचातून रक्त पडलं, ताप उतरेना, लघवी कमी झाली किंवा डोळे पिवळे दिसले, तर लगेच दवाखाना गाठावा.

शेवटी एक गोष्ट आपल्यासाठीच. आपल्या वस्तीतलेही कितीतरी जण कॉलेजांच्या फाटकावर गाडी लावतात. त्यांनी पिण्याच्या पाण्याचं पिंप झाकून ठेवावं, पैसे घेतलेल्या हाताने खाणं वाढू नये, खाणं वर्तमानपत्रात बांधून देऊ नये आणि अन्न नोंदणीचा १४ आकडी क्रमांक गाडीवर दिसेल असा लावावा. त्या गाडीवर जेवणारी मुलंही कोणाच्या तरी घरातून चहा-बिस्किटावरच निघालेली असतात.