चिंबोरीला समुद्र गाठू द्या

शिरढोण म्हटले की आठवतात क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके. ४ नोव्हेंबर १८४५ रोजी ते इथे जन्मले. कर्नाळ्याच्या पायथ्याचे हे गाव भातशेतीचे, पण पनवेलची खाडी काही फार लांब नाही. म्हणूनच या पट्ट्यातल्या ताटात दोन तऱ्हांचे खेकडे येतात. पावसाळ्यात बांधावरचे मुठे आणि एरवी खाडीतली काळी चिंबोरी. रस्सा दोघांचाही झणझणीत होतो, पण संसार निराळा. मुठ्याच्या अंड्यातून थेट इवलासा खेकडाच बाहेर पडतो आणि त्याचे सारे आयुष्य गोड्या पाण्याजवळ जाते. चिंबोरीच्या पिल्लांना मात्र समुद्र लागतो. तिच्या संवर्धनाचा पेच इथेच आहे.

आपल्या खाड्यांत चिंबोरीच्या दोन जाती आढळतात, सिला सेराटा आणि सिला ऑलिव्हेशिया. १९९८ मध्ये सिला या वंशाची नव्याने मांडणी होईपर्यंत त्यांच्या नावांचा मोठा घोळ होता. सेराटाच्या नांगीच्या मधल्या सांध्यावर बाहेरून दोन टोकदार काटे असतात आणि पायांवर जाळीदार नक्षी. ती दोन किलोंपर्यंत वाढू शकते. ऑलिव्हेशिया लहान, तांबूस नांग्यांची आणि चिखलात बिळे करून राहणारी.

कवच वाढत नाही, म्हणून चिंबोरी वाढताना वारंवार कात टाकते. नुकतीच कात टाकलेली चिंबोरी पाण्याने फुगलेली असते, आत मांस थोडे. बाजारात जिला ‘पोकळ’ म्हणतात ती हीच. मादी कात टाकून मऊ असतानाच मीलन होते. नर तिला आधीपासून पोटाखाली धरून राखतो. पुढे तिच्या अंगात लालकेशरी अंडाशय भरते आणि ती खाडी सोडून समुद्राकडे निघते. तिथे एका वेळी दहा लाखांहून अधिक अंडी पोटाखाली वागवते. अळ्यांना खारे पाणी लागते. पाच अवस्था पार करून त्या खाडीकडे वळतात आणि तिवरांच्या मुळांत, चिखलात आसरा घेतात.

म्हणजे चिंबोरीला कांदळवन हवे, समुद्र हवा आणि दोहोंमधली वाटही मोकळी हवी. पनवेल-उरणच्या किनाऱ्यावर हीच साखळी ताणली गेली. न्हावा-शेवा बंदर आले, नवी मुंबई वाढली, विमानतळासाठी उलवे नदीचा प्रवाह वळवला गेला. २७ फेब्रुवारी २०१५ रोजी राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणे खंडपीठाने गव्हाण, हनुमान कोळीवाडा, बेलपाडा आणि उरण कोळीवाड्यातल्या १,६३० मच्छीमार कुटुंबांना सुमारे ९५ कोटी रुपयांची भरपाई देण्याचा आदेश दिला. तिवरे गेली की नुसती झाडे जात नाहीत, हे त्या निकालाने रुपयांत मांडले. कांदळवनाच्या तोडीला मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये मनाई केली, २०१८ च्या निकालात ती पक्की केली. राज्याचा कांदळवन कक्ष २०१२ पासून काम करतो आहे.

पण वाट फक्त भरावानेच अडत नाही, ताटातही अडते. गिऱ्हाईक जास्त पैसे मोजते ते लाखेने, म्हणजे त्या लालकेशरी अंडाशयाने, भरलेल्या मादीसाठी. ती समुद्राकडे निघण्याच्या तयारीतली असते. बाहेर अंडी चिकटलेली मादी खाडीत क्वचितच सापडते, कारण तोवर ती समुद्रात पोचलेली असते. त्यामुळे नुसती अंडीवाली मादी वाचवायची म्हटले, तर खाडीतली भरलेली मादी सुटते कशी? यांत्रिक बोटींच्या पावसाळी बंदीचाही खाडीत हाताने पकडलेल्या चिंबोरीला फारसा उपयोग नाही. चिंबोरीच्या शेतीचा पर्याय आहे. तमिळनाडूत अंडी उबवून पिल्ले तयार करण्याचे तंत्र बसले आहे. पण जिथे शेतीसाठीही खाडीतलीच पिल्ले धरली जातात, तिथे भार खाडीवरच पडतो.

तेव्हा बाजारात चिंबोरी उलटी करून पाहा. पोटावरची पट्टी अरुंद आणि टोकदार असेल तर तो नर, रुंद आणि गोलसर असेल तर वयात आलेली मादी. मोठा, जड नर घ्या. त्यात मांसही भरपूर असते. तळहाताएवढी पिल्ले आणि भरलेल्या माद्या नाकारा. गिऱ्हाईकच मागेनासे झाले, तर पकडणाराही त्यांना खाडीत सोडेल.